पुंजाजीनं बियाणं पारखलं

एका गावात पुंजाजी नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. अडचण तीच होती.

त्याची बायको शेवंता शेणखतावर सोयाबीन पिकवी. तिचे वडील रासायनिक खत घालत. बियाणं कोणाचं चांगलं, यावरून बापलेकीची दर वर्षी जुंपे. यंदा ठरलं, दोन्ही बियाणी उगवून बघायची. ज्याचं जास्त उगवेल, तेच शेवंताच्या शेतात पेरायचं.

सासरे आपलं पोतं टेम्पोत घालून आले. म्हणाले, "जावईबापू, सोयाबीनचं साल नाजूक. आपटू नका. तान्ह्या लेकरासारखं सांभाळा."

पुंजाजीनं पोतं छातीशी धरून आत नेलं. थोपटलं. चुलीवर पाणी ठेवलं आणि तेलाची वाटी घेतली. शेवंता आत आली तेव्हा पोतं तेलानं चमकत होतं आणि तांब्या वर उचललेला होता.

"अहो, हे काय?"

"आंघोळ. टाळू काही सापडेना, म्हणून सगळीकडेच तेल लावलं."

शेवंतानं तांब्या काढून घेतला. "बाहेरून आलं की सावलीत ठेवायचं. पाणी लागू द्यायचं नाही."

हे पुंजाजीला पटलं. ओसरीवर सासरे हातपाय धुवायला पाणी मागत होते. त्यानं त्यांना दंडाला धरून लिंबाखाली बसवलं.

"मामा, तुम्ही बाहेरून आलात. पाणी लागू द्यायचं नाही."

प्यायलाही दिलं नाही. संध्याकाळी शेवंता चिडली. "पाहुण्याला आधी पाणी विचारावं. लाजून नको म्हणाला तरी भरपूर द्यावं."

दुसऱ्या दिवशी तिनं दोन ओल्या गोणपाटांवर दाणे मांडले. एकावर घरच्या पोत्यातले, एकावर वडलांच्या. गुंडाळून कोपऱ्यात ठेवले आणि ती शेतात गेली.

पुंजाजी वाकून म्हणाला, "पाणी हवं?"

दाणे बोलेनात. लाजत असतील. त्यानं सासऱ्यांच्या दाण्यांवर घागर ओतली. मग घरच्यांना वाईट वाटेल म्हणून त्यांच्यावरही ओतली. रोज विचारलं, रोज ओतली. शेवटी घरात वास सुटला.

शेवंतानं पुन्हा दाणे मांडले. या खेपेला ती स्वतः राखणीला बसली. गोणपाटं उलगडली तेव्हा दोन्हींवर सुरेख कोंब. बापानं मोजले, लेकीनं मोजले. सारखेच भरले.

मग सासरे म्हणाले, "अर्ध्या शेतात तुझं पेरू, अर्ध्यात माझं."

जमिनीत ओल छान होती. बापलेक शेजारच्या गावात पेरणीची तिफण आणायला निघाली. पुंजाजीनं विचारलं, "मामा, पण चांगलं बी ओळखायचं कसं?"

सासरे खूश झाले. पहिल्यांदाच जावयानं शहाणपणाचं विचारलं होतं. ते म्हणाले, "सोपं आहे. उगवलं ते चांगलं, ते पेरायचं. उगवलं नाही ते गुरांना घालायचं."

तिफण घेऊन दोघं परतली. अंगणात गावची गुरं दाटीवाटीनं उभी होती आणि तोंडं हलवत होती. दोन्ही पोती रिकामी पडली होती. चिखलानं हात माखलेला पुंजाजी शेतातून समाधानानं येत होता.

"बियाणं कुठं आहे?" शेवंतानं विचारलं.

"पेरलं. गोणपाटावरचं सगळं. मूठभरच होतं, पण एक कोंब या बांधाला, एक त्या बांधाला, असं पुरवलं."

"आणि पोत्यांतलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मामा, भांडण नको म्हणून दोन्ही पोती दाणा न् दाणा बघितली. तुमचंही तसलंच, हिचंही तसलंच. एकालाही कोंब नव्हता."