कातळाईचा ‘हाड’

कातळवाडीच्या देवळामागे एका सपाट कातळावर सा, रे, ग, म अशी अक्षरे कोरलेली आहेत. चौथ्या ओळीत ‘नी’खाली स्पष्ट लिहिले आहे : हाड.

असे सांगतात की, पेरणीआधी कातळाईदेवीला कौल लावताना तिचे गाणे म्हणावे लागे आणि ते एकट्या जानकी गुरविणीलाच येई. तिचा गळा बसत चालला, तसा गावाला घोर लागला. तेव्हा अच्युतबुवा पुढे झाले. दरबारात गायलेला माणूस! “गाणं अक्षरांत नीट उतरत नाही, तोवर भात खाणार नाही,” असा त्यांनी पण केला.

जानकी हसली. “भाताविना बुवा, तुमचाच गळा बसायचा. लिवा बिगीबिगी.”

ती देवीपुढे गाऊ लागली, बुवा सूर टिपू लागले. चौथ्या ओळीला बकरीने नैवेद्यात तोंड घातले. जानकीने गाणे न मोडता, सुरातच तिला हाकलले, “हाऽऽड!” बुवांचा हात चालूच होता. पाथरवटाने कागदावर होते ते सगळे कातळावर कोरले.

बुवा ओरडले, “अरे, हे गाण्यातलं नव्हे! काढून टाक!”

“काढतो की. पण खड्डा पडंल,” पाथरवट म्हणाला.

‘हाड’ राहिला. गाणे नीट उतरले नाही, म्हणून बुवांचा भातही राहिला.

पुढच्या पेरणीआधी जानकी वारली. बुवांनी अक्षरे पाहून गावाकडून गाणे म्हणवून घेतले, हाड तेवढा गाळला. देवीच्या खांद्यावर लावलेले कौलाचे फूल हलेना. पुन्हा म्हटले, तरी हलेना. सगळे बुवांकडे पाहू लागले.

“दगडावर हाय तसं म्हना,” गावचे प्रमुख मानकरी, गावकर म्हणाले.

“देवीच्या तोंडावर? हाड?” बुवांना घाम फुटला. पण पेरणी खोळंबली होती. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि चाचरत सूर लावला, “हाऽड...”

फूल जरासे थरथरले म्हणे. मग अख्ख्या गावाने आवाज दिला आणि फूल उजवीकडे पडले, कौल मिळाला. ती ओळ त्या सुरावर येऊन कशी टेकते, हे बुवांना आत्ता कुठे ऐकू आले होते. डोळे पुसत ते एवढेच म्हणाले, “जानकीबाई, चुकलो.” आणि वर्षभराने पोटभर भात जेवले.

आजही कौलाच्या दिवशी सारा गाव हात जोडून देवीला ‘हाड’ म्हणतो. नवी सून पहिल्या वर्षी पदरात तोंड लपवून पुटपुटते. दुसऱ्या वर्षी तिचाच आवाज सगळ्यांच्या वर असतो, आणि नवरा उगाचच दचकून मागे सरतो.