हरणाऱ्याचं निकालपत्र

एकदा एक वृद्ध न्यायाधीश होते. इंग्लंडमधल्या अँग्लिकन पंथाच्या चर्चची स्वतःची न्यायालयं असतात. तिथली अपिलं त्यांच्यापुढे येत. आपल्याकडे देवळातली समई हलवायची तर विश्वस्तांची खडाजंगी पुरते, तिकडे मात्र बाक हलवायलाही न्यायालयाची अनुमती लागते. एक तरुण वकील त्यांच्या हाताखाली शिकत होता.

ते अपील बाकाचंच होतं. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून गावाने पुढचा एक बाक काढायचं ठरवलं होतं. खालच्या न्यायाधीशांनी अनुमतीही दिली होती. विरोधात होता एकटा म्हातारा. त्याची दिवंगत पत्नी चाळीस वर्षं त्याच बाकावर बसली होती. बाक गेला तर चर्चची पायरी चढणार नाही, असं त्याने लिहून दिलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

युक्तिवाद संपले. न्यायाधीशांनी भर न्यायालयात म्हाताऱ्याची बाजू सावकाश वाचून दाखवली. त्याच्या वकिलालाही ती इतकी नीट मांडता आली नव्हती. मग त्यांनी विचारलं, “काही राहिलं का?”

“ती कडेला बसायची,” म्हातारा म्हणाला. “खोकला यायचा तिला. उठून बाहेर जायला बरं पडायचं.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. शिष्याला वाटलं, बाक वाचला. निकाल आला: बाक काढावा.

शिष्य पुरता चक्रावला. हरवायचंच होतं, तर माणसाला इतकं वर कशाला चढवायचं? त्याला ते क्रूर वाटलं, आणि दालनात त्याने तसं बोलूनही दाखवलं.

न्यायाधीश म्हणाले, “जिंकणाऱ्याला निकालाची शेवटची ओळ पुरते. बाकी सगळं हरणाऱ्यासाठी लिहायचं असतं. इतर न्यायालयांतले पक्षकार एकमेकांचं तोंड न पाहता घरी जातात. आपले पक्षकार रविवारी प्रसाद घ्यायला वेदीपुढच्या एकाच कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकतात.”

“पण सर, तो हरलाच ना?”

“हरला. मलाही ते जड गेलं.”

शिष्याचं समाधान झालं नाही. तसाच गोंधळलेला तो बाहेर आला. दाराशी म्हातारा चर्चच्या धर्मगुरूंशी बोलत होता. डोळे लाल होते, आवाज मात्र स्थिर होता.

“डावीकडून उचलायला सांगा. उजवा पाय सैल आहे त्याचा,” तो म्हणाला. “नाहीतर थांबा, मीच येतो हात लावायला.”

शिष्य दालनात परतला आणि पुढच्या अपिलाचे कागद लावू लागला.