पदकवाली जांभळी

झाडं बोलत आणि माळ्यांना ते ऐकू येई, त्या काळची गोष्ट. भार्गवराव माळ्यांनी खिडकीत मावेल असं बुटकं ऑर्किड तयार करायचं मनावर घेतलं. दोन ऑर्किडांचा संकर करायचा, रोपं फुलली की पट्टी लावायची आणि वीतभरापेक्षा उंच भरेल ते रोप सरळ खतखड्ड्यात टाकायचं, असा त्यांचा नेम होता.

त्यांतलं जांभळ्या फुलांचं एक रोप, जांभळी, मुळात उंच. पट्टी जवळ येताना पाहून ती जिवाच्या भीतीने खाली बसली, ती बसूनच राहिली. प्रदर्शनात सर्वांत बुटकी म्हणून तिला पदक मिळालं आणि भार्गवरावांनी पुढची सगळी रोपं तिच्याच बियांपासून केली.

ती मुलं बांबूसारखी वाढली.

"आईकडे बघा जरा. कुणावर गेलात मेल्यांनो?" असं करवादत भार्गवरावांनी थोरल्याला उपटायला हात घातला.

"माझ्यावर गेलीत," म्हणत जांभळी उभी राहिली. तिची फुलं छपराला टेकली. "आधी मला टाका."

भार्गवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पदकाकडे. "पदक मिळालेलं झाड उंच असेलच कसं? ही पट्टीच दमट हवेने आटलीय."

"अहो, मी पोलादी आहे," पट्टी म्हणाली.

"उलट बोलू नकोस," म्हणून त्यांनी तिलाच खड्ड्यात टाकलं.

थोरल्याने विचारलं, "आई, मग इतकी वर्षं बसून कशाला राहिलीस गं?"

जांभळी कंबर चोळत म्हणाली, "तेव्हा तुम्ही नव्हतात."