न बोललेली बाजू

शाल्मली नगरात महीधर राजाची सत्ता होती, तेव्हाच्या जन्मी बोधिसत्त्व त्याचा मंत्री होता. नाव सोमिल. राजसभेची व्यवस्था पाहणाऱ्या यशोगुप्ताला मात्र हा सोमिल डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

त्याला कारण होते. पूर्वी सभा म्हणजे सभा असे. एकूण एक अधिकारी सकाळीच येऊन बसे. आधी राजाची स्तुती, मग प्रत्येकाने आपल्या आधी बोललेल्याची स्तुती करायची, आणि विडे वाटले जाईपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. सोमिल आला आणि ज्याचे काम त्यालाच बोलावू लागला. बसल्याबसल्या तो विचारी, "आज काय ठरवायचे आहे?" ते ठरले की विडे वाटून माणसांना कामाला लावी.

"इतक्या लवकर काय ठरते?" यशोगुप्त मनाशी म्हणे. "आधीच कुठेतरी शिजलेले असणार."

नगराच्या तलावाखाली एक वस्ती होती. तिथे यशोगुप्ताची लेक रेवती नुकतीच बाळंत झाली होती. नातवाला पाहून परतताना त्याला बांधावर सोमिल दिसला. तो काळक पाटकऱ्याशी हळू आवाजात बोलत होता. तलावाच्या दारांच्या किल्ल्या या काळकाच्या कमरेला असत आणि पावसाळाभर त्याला सभेची माफी होती, तीही सोमिलानेच दिलेली. त्यालाच का? यशोगुप्ताच्या मनात पाल चुकचुकली. बिचाऱ्याचे त्या दिवसापासून जेवणातही लक्ष लागेना.

अखेर त्याने राजाचे कान भरले. मंत्री गुपचूप माणसे फोडतो आहे, उद्या सिंहासनही जाईल, असे त्याने सांगितले. राजा हलक्या कानाचा. ऐन श्रावणात पूर्ण सभा बोलावली गेली. काळकालाही आणून बसवले आणि दारे लावून घेतली. आरोपीने आपली बाजू मांडली आणि तिच्यावर एकेका अधिकाऱ्याचे बोलून झाले की सभा संपे. तो गप्प राहिला तर सभा तिथेच संपे आणि तो दोषी ठरून हद्दपार होई.

यशोगुप्ताने असे काही लांबण लावले की राजालाही जांभया येऊ लागल्या. बाहेर डोंगरावर पाऊस कोसळत होता. न राहवून काळक उठला.

"महाराज, मला जाऊ द्या. पाणी चढलं असेल, तलावाची दारं उघडायला हवीत."

"पाहिलंत?" यशोगुप्त म्हणाला. "साथीदार निसटायला बघतो आहे."

राजाने काळकाला खाली बसवले. सोमिलाने खिडकीबाहेर पाहिले. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"आता माझी पाळी ना?" त्याने विचारले.

"हो. बोला."

"मला काही बोलायचे नाही. सभा संपली. काळका, तू पळ."

त्याने मंत्रिपदाची मुद्रा राजापुढे ठेवली आणि तो वेशीकडे चालू लागला. यशोगुप्ताचा संशय तरीही फिटला नाही. कटाचा पुरावा हाती लागेल म्हणून तो धापा टाकत काळकाच्या मागे गेला.

बांधावरून पाणी सांडू लागले होते. काळक छातीभर पाण्यात उभा राहून दाराची साखळी ओढत होता. दारे उघडली आणि बांध वाचला, पण तोवर खालच्या घरांत पाणी शिरले होते. यशोगुप्त लेकीकडे धावला. रेवती तान्ह्याला छातीशी धरून माळ्यावर बसली होती.

"बाबा, आम्ही किती हाका मारल्या," ती म्हणाली. "काळकदादा कुठे होते?"

"सभेत. बसवून ठेवलं होतं त्यांना."

"कोणी?"

"मी," यशोगुप्त म्हणाला, आणि ओल्या अंगानेच तो वेशीच्या वाटेला लागला. सोमिलाला त्याने सीमेवर गाठले आणि हात धरून राजापुढे आणले. भरल्या सभेत त्याने आपला अपराध सांगितला. राजाने मुद्रा परत दिली.

विहारातला एक भिक्षू उपदेश लांबवून सोबत्यांची भिक्षेची वेळ चुकवी आणि कोणी उठला की त्याच्यावरच संशय घेई. त्याला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाचा यशोगुप्त तू होतास. तुझ्याशेजारी उपाशी बसलेला हा भिक्षू काळक होता आणि सोमिल मीच होतो. स्वतःची बाजू मांडण्याचा हक्क त्या दिवशी मी सोडला, ती माझी दानपारमिता, दानाची परिसीमा."

भिक्षूने मान खाली घातली आणि शेजाऱ्याचे भिक्षापात्र स्वतः उचलून त्याच्या हाती दिले.