ठेंगूची पाठ

हर्षला मगदूम आणि तिची थोरली बहीण विशाखा यांनी इचलकरंजीला घरामागच्या शेडमध्ये लढाऊ रोबो बनवायला घेतला. तो अर्धा झाला आणि विशाखाला जर्मनीत नोकरी लागली. उरलेलं काम हर्षलाने एकटीने केलं. पाना मागायला ती सवयीने हात पुढे करायची, आणि तो हात रिकामाच परत यायचा.

रोबोचं नाव ठेंगू. बुटका, चपटा, वरून-खालून अगदी सारखा.

कोल्हापूरच्या स्पर्धेत अंतिम लढतीच्या पहिल्याच धडकेला समोरच्या रोबोने ठेंगूला उलटवलं. प्रमुख पाहुणे दौलतराव म्हणजे तालमींचे जुने आश्रयदाते. पंचांना न विचारताच त्यांनी माइक ओढला.

"पाठ टेकली! चितपट! बाळ, घरचं खेळणं घरीच ठेवायचं असतं."

सगळे हसले. हर्षला रिमोट घट्ट धरून म्हणाली, "साहेब, याची पाठ कुठली तेवढी दाखवा. मी लगेच हार मानते."

दौलतराव वाकून शोधू लागले. तेवढ्यात तिने कळ दाबली. ठेंगू तसाच उलटा सुसाट धावला आणि त्याने समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं. दौलतराव आधी ओशाळले, मग त्यांनीच सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

बक्षिसाला हर्षला आणि विशाखा अशी दोन नावं पुकारली गेली. हर्षला एकटीच वर गेली आणि ढालीचं एक टोक धरून उभी राहिली.

"मॅडम, जरा मधे सरका," फोटोवाला म्हणाला.

"नको दादा," ती म्हणाली, "शेजारची जागा ताईची आहे."