रखमाजी कासाराच्या शपथा

अशी गोष्ट तुम्ही उभ्या जन्मात ऐकली नसेल! ऐकली असेल म्हणा. घरटी एक निघेल.

तर नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा एक कासार राहत होता. बांगड्या भरण्यात त्याचा हात असा मऊ, की रडकी पोरसुद्धा भरता भरता झोपी जायची. पण बायको वारली आणि रखमाजीला दारू लागली. सकाळी हात थरथरायचे. थरथर थांबवायला एक घोट. मग त्या घोटाला सोबत म्हणून दुसरा. गावच्या बायका शेजारच्या गावी बांगड्या भरायला जाऊ लागल्या.

दारू सोडायच्या शपथा मात्र तो मनापासून घ्यायचा. मारुतीची घेतली, म्हसोबाची घेतली, नदीची घेतली. गावातले देव संपले, तेव्हा शेजारगावचे उसने आणले.

लेकीचं, कौसाचं, लग्न ठरलं. ती म्हणाली, "हिरवा चुडा भरीन तर आबांच्याच हातून." रखमाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आदला सबंध दिवस थेंबाला शिवला नाही. पण चुड्याच्या सकाळी हात असे कापू लागले, की बांगडी धरवेना. कुणाला सांगायची लाज! तो हळूच परसात गेला आणि घोट घेऊन आला. हात थांबले, पण त्यांतली जाणच गेली.

नवरीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी सहा वाढल्या. सातवी मनगटात रुतली आणि हिरव्या काचेवर रक्त आलं. नवऱ्याकडची आत्या कडाडली, "पुरे! दुसरा कासार बोलवा." दुसरा कासार आला. बापाच्या डोळ्यांदेखत त्याने चुडा भरला.

बायका पांगल्या, तसा रखमाजी ओक्साबोक्शी रडू लागला. "कौसे, तुझ्या आईची शपथ, पुन्हा कधी..."

कौसा मनगटाला फडकं गुंडाळत होती. ती म्हणाली, "आबा, तालुक्याच्या दवाखान्यात दारू सोडवतात. ठेवून घेतात, हात थरथरले तर औषध देतात. मी चारदा म्हटलं, चला. चारही वेळा तुम्ही शपथच घेतलीत. सगळ्या गावाचे हात तुम्ही हातात घेतलेत. तुमचा कधी कुणाला दिलात?"

तात्पर्य: शपथ घ्यायला माणूस एकटा पुरतो, दारू सोडायला पुरत नाही. कापरा हात लपवू नये, कुणाला तरी धरायला द्यावा.