भागूचा पट्टा

"फाटलेल्या मोटेला ठिगळ धरतं, मग भागूच्या पाठीला माझं कातडं का धरलं नाही?"

हा प्रश्न येसबानं वैद्याला विचारला, गुरवाला विचारला, नदीपलीकडच्या फकिरालाही विचारला.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा विहिरींवर पाणी उपसायला चामड्याच्या मोटा चालायच्या आणि आंबेरी गावातल्या फाटक्या मोटा येसबा शिवायचा. नुकतं मिसरूड फुटलेलं, डोकं तापट, अक्षराशी ओळख जेमतेम. भागू त्याची थोरली बहीण. गुऱ्हाळावर उकळत्या रसाची मळी काढून वळताना तिचा पाय घसरला, ती मागच्या मागे काहिलीच्या मोठ्या कढईवर कलंडली आणि रसानं पाठभर भाजली.

झिजल्या मोटेला तिच्यातलंच चामडं कधी लावत नाहीत, दुसरं ताजं आणतात. येसबाला तेवढंच ठाऊक. त्यानं चामडं कापायच्या रापीला धार लावली, स्वतःच्या मांडीचं कातडं सोललं आणि बहिणीच्या पाठीवर बसवलं. असं म्हणतात, की त्यानं हूं की चूं केलं नाही. ठिगळ धरल्यासारखं झालं. भागू उठून बसली, "भूक लागली रे" म्हणाली. मग ते काळं पडलं, सुटलं, आणि भागू गेली.

येसबानं रापी विहिरीत फेकून दिली.

पुढच्या हंगामात त्याच काहिलीवर गुळव्याची सून तानी भाजली. ऐकताच येसबा धावत सुटला. गुळव्या दारात आडवा उभा राहिला.

"एकीला पोचवलीस, आता हिला पोचवायला आलास?"

येसबा मान खाली घालून वळला. तेवढ्यात आतून तानी बोलली, "मामंजी, येऊ द्या त्याला. येसबा, भागूला कुणाचं कातडं लावलंस?"

"माझं."

"मला तुझं नको. माझ्या मांडीचं काढ. मरायचंच असेल तर सगळी माझी मी मरते."

येसबानं तसाच विहिरीत सूर मारला. असं म्हणतात, की रापी वर आली ती चांदीसारखी लखलखत, गंजाचा ठिपका नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ कातडं त्यानं काढलं आणि तानीच्या पाठीवर पसरलं. असं म्हणतात, की ते धरेपर्यंत गुऱ्हाळावर एक माशी फिरकली नाही. आणि ते धरलं.

पुढं भाजलेली माणसं डोल्यांत घालून लांबून त्याच्याकडे येऊ लागली. ज्याचं त्याला लावायचं, एवढंच तो करायचा. का धरतं, ते त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मोटा गेल्या. तरी आंबेरीत चुलाण पेटवण्याआधी काहिलीभोवती खुंट ठोकतात आणि कमरेइतक्या उंचीवर चामड्याचा पट्टा ताणतात. त्याला भागूचा पट्टा म्हणतात.

पहिला पट्टा येसबानंच बांधला. म्हातारपणी रापी हातात ठरेना तेव्हा त्यानं घरातली शेवटची मोट कापून तो केला. भागू घसरली होती तिथं तो उभा राहिला, पट्ट्याला पाठ लावली आणि सगळं अंग मागे टाकून दिलं. पट्टा तुटला नाही.

मग म्हणाला, "पेटवा."